मॉरिशसचा उपपंतप्रधान: पद घटनेतलं, वजन आकड्यांतलं

प्रश्न असा आहे: मॉरिशसमध्ये पंतप्रधान परदेशी गेले, आजारी पडले किंवा पायउतार झाले, तर सत्ता आपोआप उपपंतप्रधानांकडे जाते का? हे पद आपल्याकडच्या उपमुख्यमंत्रिपदासारखंच, मित्रपक्षाची समजूत काढायला दिलेलं असतं का? आणि बातम्यांत 'डेप्युटी प्राइम मिनिस्टर' व 'व्हाइस प्राइम मिनिस्टर' अशी दोन नावं दिसतात, ती एकाच पदाची आहेत का?

आधी झटपट उत्तरं. आपोआप काहीच जात नाही. परदेश दौऱ्यासाठीसुद्धा राष्ट्राध्यक्षांचा लेखी आदेश लागतो. पद घटनेत आहे, त्यामुळे उपमुख्यमंत्रिपदापेक्षा त्याचा पाया पक्का आहे. पण त्याला स्वतःचं खातं नाही, मुदत नाही आणि वारसाहक्कही नाही. आणि ती दोन नावं दोन वेगळ्या पदांची आहेत. आता सविस्तर.

भारताशी तुलना एवढ्यापुरती उपयोगी आहे. आपल्या राज्यघटनेत उपपंतप्रधान किंवा उपमुख्यमंत्री हा शब्द नाही. १९८९ मध्ये देवीलाल यांनी 'उपपंतप्रधान' म्हणून शपथ घेतली तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे ठरलं ते इतकंच, की ते इतर मंत्र्यांसारखेच एक मंत्री आहेत आणि उपपंतप्रधान हे नुसतं वर्णन आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये उपमुख्यमंत्र्यांच्या नेमणुकांना आव्हान देणारी याचिकाही न्यायालयाने अशाच कारणाने फेटाळली. महाराष्ट्रात १९७८ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारात नाशिकराव तिरपुडे पहिले उपमुख्यमंत्री झाले, ते दोन काँग्रेसच्या जुळणीपायी. २०२३ मध्ये एकाच वेळी दोन उपमुख्यमंत्री झाले, तेव्हाही घटनेतला एक स्वल्पविराम बदलावा लागला नाही.

मॉरिशसमध्ये तसं नाही. तिथल्या घटनेचं कलम ५९ सुरूच होतं ते पंतप्रधान आणि उपपंतप्रधान अशी दोन पदं असतील, असं सांगून. पंतप्रधानांची निवड राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या विवेकाने करतात: सभागृहात बहुमताचा पाठिंबा कोणाला मिळेल असं दिसतं, ते पाहून. उपपंतप्रधान, ॲटर्नी जनरल आणि बाकीचे मंत्री मात्र पंतप्रधानांच्या सल्ल्याने नेमले जातात, आणि इथे सल्ला म्हणजे बंधन. म्हणजे उपपंतप्रधान हा घटनेने निर्माण केलेल्या पदावर बसलेला, पण पंतप्रधानांनी निवडलेला माणूस असतो. तो नॅशनल असेंब्लीचा, म्हणजे संसदेच्या सभागृहाचा सदस्य असावा लागतो. पंतप्रधान सोडून जास्तीत जास्त २४ मंत्रिपदं ठेवता येतात आणि उपपंतप्रधान त्या २४ मध्येच मोजला जातो.

हा २४ चा आकडा लहान देशात फार बोलतो. असेंब्लीत निवडून येणारे सदस्य ६२: मुख्य बेटावरच्या २० मतदारसंघांतून प्रत्येकी तीन आणि रॉड्रिग्ज बेटावरून दोन. त्यांत 'बेस्ट लूझर' पद्धतीने, म्हणजे समाजगटांचा समतोल राखायला पराभूत उमेदवारांतून घेतलेल्या, जास्तीत जास्त आठ जणांची भर पडते. म्हणजे सभागृह ७० च्या आत आणि मंत्रिमंडळ २५ पर्यंत. सत्ताधारी बाकांवर मंत्री नसलेले सदस्य मोजकेच उरतात. अशा ठिकाणी पक्ष फुटायला दहाबारा माणसं पुरतात, आणि ती दहाबारा माणसं ज्याच्या मागे आहेत तोच बहुधा उपपंतप्रधान असतो.

कलम ५९ उपपंतप्रधानाला पद देतं, काम देत नाही. काम येतं कलम ६२ मधून. त्यानुसार कोणत्या मंत्र्याकडे कोणतं खातं हे राष्ट्राध्यक्ष पंतप्रधानांच्या सल्ल्याने लेखी ठरवतात. आजवरची वाटणी पाहिली की पदाची खरी किंमत कळते. पॉल बेरांजे १९९५ मध्ये उपपंतप्रधान झाले तेव्हा त्यांच्याकडे परराष्ट्र खातं होतं. २००० मध्ये पुन्हा झाले तेव्हा अर्थ खातं होतं. २००३ मध्ये प्रविंद जगन्नाथ उपपंतप्रधान झाले, तेही अर्थ खात्यासह. रशीद बीबीजान आणि नंतर इव्हान कोलेंडावेलू यांच्याकडे ऊर्जा आणि पाणीपुरवठ्यासारख्या सेवा होत्या, झेवियर-ल्युक द्युव्हाल यांच्याकडे पर्यटन, स्टीव्हन ओबीगाडू यांच्याकडे गृहनिर्माण आणि पर्यटन. हुद्दा सगळ्यांचा सारखाच. पण अर्थ खातं हाती असलेला उपपंतप्रधान इतर प्रत्येक मंत्र्याची फाईल अडवू शकतो, पर्यटनवाल्याला ते जमत नाही. म्हणून नवं मंत्रिमंडळ जाहीर झालं की उपपंतप्रधान कोण याच्याआधी अर्थ खातं कोणाकडे, हे बघावं. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवीन रामगुलाम पंतप्रधान झाले आणि अर्थ खातं त्यांनी स्वतःकडेच ठेवलं. बेरांजे तिसऱ्यांदा उपपंतप्रधान झाले, पण २००० सारखी तिजोरीची किल्ली या वेळी त्यांच्या हाती नव्हती.

आता मुख्य प्रश्न, पंतप्रधानांच्या गैरहजेरीचा. याचं उत्तर कलम ६३ मध्ये आहे. कलम छोटं आहे, पण त्यातला प्रत्येक तुकडा महत्त्वाचा आहे.

पंतप्रधान मॉरिशसबाहेर असतील, आजारपणामुळे काम करू शकत नसतील, किंवा कलम ६०(५) लागू झालं असेल (म्हणजे शिक्षा वगैरे कारणाने सदस्य म्हणून काम करण्यास मनाई झाली असेल), तर राष्ट्राध्यक्ष लेखी आदेशाने उपपंतप्रधानांना पंतप्रधानांची कामं करण्याचा अधिकार देऊ शकतात. 'देऊ शकतात' हे क्रियापद नीट वाचा. पंतप्रधानांचं विमान सुटलं म्हणून उपपंतप्रधान प्रभारी होत नाहीत. आदेश निघाला तर आणि निघाला तेव्हाच होतात. उपपंतप्रधानही देशात नसतील तर दुसऱ्या कोणत्याही मंत्र्याच्या नावाने आदेश काढता येतो, त्यासाठी ज्येष्ठतेची यादी घटनेत नाही. आणि हा अधिकार राष्ट्राध्यक्ष परत घेईपर्यंत चालू राहतो. पंतप्रधान परत उतरले की प्रभारीपण आपोआप गळून पडतं असं कलमात कुठेही लिहिलेलं नाही. त्यामुळे आदेशातच 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, किंवा पंतप्रधान परत येईपर्यंत' असा कालावधी घालणं शहाणपणाचं. तो नसेल तर परतल्यावर वेगळा रद्द करण्याचा आदेश काढायला विसरू नये, नाहीतर कागदावर एकाच वेळी दोन माणसं पंतप्रधानांचे अधिकार वापरू शकतात.

दौऱ्याच्या वेळी क्रम साधारण असा ठेवावा लागतो. दौऱ्याच्या तारखा पक्क्या झाल्या की पंतप्रधान राष्ट्राध्यक्षांना सल्ला देतात: या काळात अमक्याला अधिकार द्यावा. राष्ट्राध्यक्ष सही करतात. प्रस्थानाआधी कागद तयार हवा, कारण सल्ला देणारा माणूसच मग देशाबाहेर असतो. दौरा लांबला, मधल्या विमानतळावर अडकायला झालं, परतीची तारीख पुढे गेली, तर तारखेवर बांधलेला आदेश अपुरा पडतो. म्हणून 'परत येईपर्यंत' हे शब्द नुसत्या तारखेपेक्षा बरे. उपपंतप्रधानांचाही त्याच आठवड्यात परदेश दौरा आहे का, हे आधी तपासायचं. छोट्या देशात हा घोळ सहज होतो. आंतरराष्ट्रीय परिषदा तेवढ्याच, जाणारी माणसंही तीच.

एक बारकावा नकाशाचा. कलमात 'मॉरिशसबाहेर' असे शब्द आहेत, आणि मॉरिशस म्हणजे काय हे कलम १११ सांगतं: मुख्य बेट, रॉड्रिग्ज, अगालेगा, कार्गादोस काराजोस, त्रोमलँ, डिएगो गार्सियासह चागोस द्वीपसमूह. रॉड्रिग्ज मुख्य बेटापासून सुमारे ६०० किलोमीटर पूर्वेला आहे, अगालेगा हजारेक किलोमीटर उत्तरेला. पण पंतप्रधान तिथे गेले तर ते 'देशाबाहेर' नाहीत, आणि निव्वळ तेवढ्या कारणावरून कलम ६३ खाली आदेश निघू शकत नाही. उलट शेजारच्या फ्रेंच रियुनियन बेटावर, दीडदोनशे किलोमीटरवर, दुपारच्या जेवणापुरतं जाऊन आलं तरी ती गैरहजेरी ठरते.

आजारपणाचं कलम जास्त नाजूक आहे. एरवी राष्ट्राध्यक्ष हा अधिकार पंतप्रधानांच्या सल्ल्यानेच वापरतात. पण पंतप्रधान बेशुद्ध असतील, किंवा सल्ला घेणं शक्यच नसेल, तर राष्ट्राध्यक्ष त्या सल्ल्याशिवाय, स्वतःच्या विवेकाने आदेश काढू शकतात. शक्य आहे की नाही हे ठरवायचंही त्यांनीच. इथे कोणी मंत्रिमंडळाच्या ठरावाची वाट बघत बसू नये. कलम ६१ मंत्रिमंडळाची सामुदायिक जबाबदारी सांगतं खरं, पण त्यातून काही गोष्टी मुद्दाम वगळल्या आहेत: मंत्र्यांची नेमणूक आणि हकालपट्टी, खातेवाटप, संसदेचं विसर्जन आणि कलम ६३ खालचा प्रभारी आदेश. प्रभारी कोण, हा मंत्रिमंडळाचा विषयच नाही. शुक्रवारच्या कॅबिनेट बैठकीत त्यावर मतदान घेण्याचा प्रश्न येत नाही.

प्रभारी पंतप्रधानाला काय काय करता येतं? कलम म्हणतं, घटनेने पंतप्रधानांना दिलेली कामं, फक्त कलम ६३ खालची सोडून. म्हणजे तो स्वतःच्या जागी तिसऱ्याला प्रभारी नेमण्याचा सल्ला देऊ शकत नाही. एवढी एकच उघड बंदी आहे. बाकी मंत्र्याला काढण्याचा सल्ला, अगदी संसद विसर्जित करण्याचा सल्लासुद्धा, शब्दशः वाचलं तर या अधिकारात बसतो. तो दिला जात नाही तो संकेतामुळे: प्रभारी माणसाने रोजचं काम चालवावं आणि उलटवता न येणारं काही करू नये. ज्या युतीत दोन पक्षांचं एकमेकांवर बारीक लक्ष असतं तिथे हा संकेत मोडला तर काय होईल, हे दोघांनाही ठाऊक असतं. त्यामुळे तो पाळला जातो. माझ्या मते घटनेने इथे एक ओळ जास्त लिहायला हवी होती. विसर्जनाचा सल्ला प्रभारीला वर्ज्य, एवढी.

दुसरी गल्लत खात्यांची. मॉरिशसचे पंतप्रधान सहसा संरक्षण, गृह, रॉड्रिग्ज अशी खाती स्वतःकडे ठेवतात. कलम ६३ 'घटनेने दिलेल्या कामां'विषयी बोलतं. एखाद्या साध्या कायद्याने 'मंत्र्याला' दिलेला अधिकार, उदाहरणार्थ एखाद्या परवान्यावरची सही, ही खात्याची बाब आहे. दोन्हीसाठी अधिकार कुठून येतो हे वेगवेगळं तपासायचं. प्रभारी पंतप्रधानाने सही केलेल्या आदेशाला कोणी आव्हान दिलं, तर पहिला मुद्दा हाच निघतो: सही कोणत्या नात्याने केली, आणि त्या दिवशी त्या नात्याचा कागद अस्तित्वात होता का.

पंतप्रधानांचं निधन झालं तर? कलम ६३ च्या कारणांत निधन नाहीच. गैरहजेरी आहे, आजारपण आहे, मनाई आहे. निधनाने पद रिकामं होतं, आणि रिकाम्या पदावर राष्ट्राध्यक्षांनी नवा पंतप्रधान नेमायचा, पुन्हा कलम ५९ च्या त्याच कसोटीवर: बहुमत कोणाच्या मागे. उपपंतप्रधान हा स्वाभाविक उमेदवार असू शकतो, हक्कदार नाही. पॅसिफिकमधल्या टोंगाचं उदाहरण इथे अगदी चपखल आहे, घटना वेगळी असली तरी. सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधान अकिलिसी पोहिवा यांचं ऑकलंडच्या रुग्णालयात निधन झालं. उपपंतप्रधान सेमिसी सिका प्रभारी झाले. दोन आठवड्यांनी संसदेने नवा पंतप्रधान निवडला, तेव्हा निवडून आले अर्थमंत्री पोहिवा तुइओनेतोआ. सिका हरले. प्रभारीपणाचे ते दोन आठवडे मतांच्या मोजणीत कुठेच धरले गेले नाहीत.

मॉरिशसमध्ये आणखी एक गोष्ट उपपंतप्रधानाच्या विरोधात जाते, आणि बहुतेकांच्या ती लक्षातच येत नाही. कलम ६०(४) नुसार पंतप्रधान सोडून इतर सर्व मंत्र्यांची पदं तीन प्रकारे रिकामी होतात: पंतप्रधानांच्या सल्ल्याने राष्ट्राध्यक्षांनी तसा आदेश दिला तर, अविश्वास ठरावानंतर पंतप्रधानांनी तीन दिवसांत राजीनामा दिला किंवा त्यांना पदावरून काढलं तर, आणि कोणाचीही पंतप्रधानपदी नेमणूक झाली की. हा तिसरा प्रकार म्हणजे सगळ्यांसाठी पाटी कोरी. नव्या पंतप्रधानाने शपथ घेतली त्या क्षणी जुना उपपंतप्रधान उपपंतप्रधान राहत नाही. पक्ष तोच, सरकार तेच, माणसं तीच असली तरी प्रत्येकाची नव्याने नेमणूक आणि नव्याने शपथ, कारण शपथ घेतल्याशिवाय मंत्र्याला कामाला हात लावता येत नाही.

२३ जानेवारी २०१७ ला हे प्रत्यक्ष घडलं. सर अनिरुद्ध जगन्नाथ यांनी पंतप्रधानपद सोडलं आणि त्यांचे चिरंजीव प्रविंद पंतप्रधान झाले. प्रविंद तोपर्यंत अर्थमंत्री होते, उपपंतप्रधान नव्हते. उपपंतप्रधान बाजूला राहिले आणि अर्थमंत्री वर गेले, कारण सभागृहातला सर्वांत मोठा पक्ष प्रविंद यांच्या हाती होता. ल रेद्विच्या राष्ट्राध्यक्ष निवासात सगळ्या मंत्रिमंडळाचा शपथविधी पुन्हा झाला. सर अनिरुद्ध 'मिनिस्टर मेंटॉर' अशा नावाने, संरक्षण आणि रॉड्रिग्ज ही खाती घेऊन, मुलाच्या मंत्रिमंडळात बसले. निवडणुकीशिवाय पंतप्रधान बदलला म्हणून विरोधकांनी रान उठवलं. पण घटनेला लोकांचा नव्हे, सभागृहाचा पाठिंबा लागतो आणि तो होता.

उपपंतप्रधान खरोखर पंतप्रधान झाला असं एकच ठळक, आधी ठरवून केलेलं उदाहरण आहे, आणि त्यात पदापेक्षा कराराचा वाटा मोठा. २००० च्या निवडणुकीआधी जगन्नाथ यांचा एमएसएम आणि बेरांजे यांचा एमएमएम या पक्षांत मेडपॉइंट करार झाला. उमेदवाऱ्या निम्म्यानिम्म्या, पहिली तीन वर्षं जगन्नाथ पंतप्रधान आणि बेरांजे उपपंतप्रधान व अर्थमंत्री, उरलेली दोन वर्षं बेरांजे पंतप्रधान. युतीने ६२ पैकी ५४ जागा जिंकल्या. ३० सप्टेंबर २००३ ला ठरल्याप्रमाणे बेरांजे पंतप्रधान झाले, प्रविंद उपपंतप्रधान झाले आणि सर अनिरुद्ध काही दिवसांत राष्ट्राध्यक्ष. अडीच-अडीच वर्षांच्या शब्दावरून २०१९ मध्ये महाराष्ट्रात काय झालं हे आठवणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडेल की तिथे शब्द पाळला कसा गेला. कारण सरळ आहे. वाटणी निम्मीनिम्मी असल्यामुळे दोघांपैकी एकालाही दुसऱ्याशिवाय बहुमत टिकवता येत नव्हतं, आणि मावळत्या पंतप्रधानाला जायला राष्ट्राध्यक्षपदाची सन्मानाची जागा तयार होती. करार जाहीर होता, लेखी होता, त्यावर मतं मागितली होती. तरी न्यायालयात जाऊन तो अमलात आणता आला नसता. कलम ५९ आणि ६० मध्ये पक्षांच्या कराराला जागा नाही.

याच्या उलट टोकाची उदाहरणं जास्त आहेत. १९९५ मध्ये रामगुलाम यांचा लेबर पक्ष आणि एमएमएम यांनी मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या. रामगुलाम पंतप्रधान, बेरांजे उपपंतप्रधान. जून १९९७ मध्ये रामगुलाम यांनी त्यांना काढलं आणि बेरांजे विरोधी पक्षनेते झाले. जून २०२० मध्ये कोलेंडावेलू यांना काढण्यात आलं. सेंट लुई वीजकेंद्राच्या कंत्राटासंबंधी आफ्रिकन डेव्हलपमेंट बँकेने केलेल्या चौकशीतून वादळ उठलं होतं आणि ऊर्जा खातं त्यांच्याकडे होतं. त्यांच्या जागी ओबीगाडू आले. दोन्ही वेळी यंत्रणा एकच: पंतप्रधानांचा सल्ला, राष्ट्राध्यक्षांचा आदेश, पद रिकामं. कारण द्यावं लागत नाही, चौकशी लागत नाही, सभागृहात मतदान लागत नाही. घटनेत नाव असूनही उपपंतप्रधानाला बाकी मंत्र्यांपेक्षा कणभर जास्त संरक्षण नाही.

मग त्याची ताकद कुठे? बेरजेत. डिसेंबर २०१६ चं प्रकरण त्यासाठी बारकाईने बघावं. उपपंतप्रधान द्युव्हाल यांचा पीएमएसडी हा पक्ष सरकारमधून बाहेर पडला. वादाचं कारण होतं प्रॉसिक्यूशन कमिशन विधेयक: खटले चालवायचे की नाही हे स्वतंत्रपणे ठरवणाऱ्या संचालकावर देखरेख करणारा आयोग नेमायचा बेत. द्युव्हाल गेले तरी सरकार पडलं नाही, साधं बहुमत शाबूत होतं. पण घटनेतल्या त्या तरतुदीला हात लावायला एकूण सदस्यांच्या तीन चतुर्थांश मतं लागतात, आणि पीएमएसडी गेल्यावर ती उरली नाहीत. विधेयक तिथेच अडकलं. द्युव्हाल काही दिवसांत विरोधी पक्षनेत्याच्या खुर्चीवर. सरकार पाडण्याची ताकद नसलेला उपपंतप्रधानही घटनादुरुस्ती रोखू शकतो, हे या देशातलं गणित आहे. म्हणून दोन रेषा नेहमी डोळ्यांसमोर ठेवाव्यात, निम्म्याची आणि पाऊणाची.

याच फूटपट्टीने नोव्हेंबर २०२४ मोजा. रामगुलाम यांच्या आघाडीने ६२ पैकी ६० जागा जिंकल्या. उमेदवाऱ्या होत्या लेबर ३५, एमएमएम १९ आणि दोन छोटे पक्ष प्रत्येकी तीन. सगळे निवडून आले. बेस्ट लूझर धरूनसुद्धा ३५ म्हणजे काठावरचं का होईना, एकट्या लेबरचं बहुमत. पण एमएमएमशिवाय पाऊण ओलांडता येत नाही. म्हणजे उमेदवाऱ्या वाटल्या त्याच दिवशी उपपंतप्रधानपदाचं वजन ठरून गेलं होतं: सरकार टिकवायला अत्यावश्यक नाही, निवडणूक पद्धत किंवा घटना बदलायची असेल तर अत्यावश्यक. २००० मधले बेरांजे आणि २०२४ मधले बेरांजे एकाच पदावर बसले, पण त्यांच्या मागे उभं असलेलं गणित वेगळं होतं.

राहिला 'व्हाइस प्राइम मिनिस्टर'. हे पद कलम ५९ मध्ये नावाने नाही. तो २४ पैकीच एक मंत्री, त्याला मानाचं नाव दिलेलं. एका वेळी दोन-तीन जणही असू शकतात. २०१० च्या सरकारात बीबीजान उपपंतप्रधान होते आणि त्यांच्या खालोखाल प्रविंद जगन्नाथ, द्युव्हाल असे व्हाइस प्राइम मिनिस्टर होते. कलम ६३ मध्ये त्यांना कोणताही अग्रक्रम नाही. उपपंतप्रधान बाहेर असताना त्यांच्यापैकी कोणाची निवड झाली तर ती राजकीय सोय आहे, हक्क नाही. मराठीत दोघांनाही 'उपपंतप्रधान' म्हणून टाकलं की बातमी हमखास चुकते. आणि उपराष्ट्राध्यक्ष ही तिसरीच व्यक्ती: असेंब्लीने निवडलेली, राष्ट्राध्यक्षांच्या गैरहजेरीत त्यांचं काम बघणारी, सरकार चालवण्याशी संबंध नसलेली.

ही मानाची पदं वाढण्यामागे समाजगटांचा हिशेब आहे, तो घटनेत लिहिलेला नसला तरी मॉरिशसमध्ये सगळ्यांना पाठ असतो. घटनेच्या पहिल्या परिशिष्टात बेस्ट लूझरसाठी चार गट धरले आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि 'जनरल पॉप्युलेशन'. त्यासाठीची गणती अजूनही १९७२ च्या जनगणनेवर चालते. पंतप्रधानपद बहुतांश काळ हिंदू समाजाकडे राहिलं, बेरांजे हा अपवाद. दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्च्यांवर इतर समाजांतली किंवा तमिळ वंशाची माणसं दिसतात. कोकणातून मुंबई बंदरामार्गे उसाच्या मळ्यांवर गेलेल्यांचे वंशज, म्हणजे तिथला मराठी समाज, परिशिष्टात 'हिंदू' गटातच मोजला जातो. गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी त्याने मिळवली आहे, पण बेस्ट लूझरच्या हिशेबात त्याचा वेगळा रकाना नाही. त्यामुळे या समाजाच्या वाट्याला काय आलं हे बघायचं तर उपपंतप्रधान कोण यापेक्षा २४ जणांची यादी वाचावी लागते.

इतर बेटांवर हाच खेळ थोड्या वेगळ्या नियमांनी चालतो. वानुआतूत पंतप्रधान धरून मंत्री संसदेच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नसावेत असा नियम आहे. ५२ सदस्यांच्या संसदेत म्हणजे १३. खुर्च्या कमी, पक्ष अनेक, त्यामुळे उपपंतप्रधानपद ही युतीच्या सौद्यातली मोठी रक्कम. सामोआत फियामे नाओमी मताआफा यांनी सप्टेंबर २०२० मध्ये उपपंतप्रधानपद सोडलं, जमीन आणि पदव्यांच्या न्यायालयाची रचना बदलणाऱ्या विधेयकांना विरोध म्हणून, आणि पुढच्याच वर्षी नव्या पक्षाच्या नेत्या म्हणून पंतप्रधान झाल्या. पदावर टिकून राहण्यापेक्षा योग्य वेळी ते सोडणं त्यांना जास्त फळलं.

'मॉरिशसचे प्रभारी पंतप्रधान अमुक' अशी बातमी पुढे वाचाल तेव्हा तीन गोष्टी शोधा. आदेश कोणत्या तारखेचा आहे आणि कधीपर्यंतचा. प्रभारी व्यक्ती कलम ५९ चा उपपंतप्रधान आहे की 'दुसरा मंत्री'. आणि दुसरा मंत्री असेल, तर उपपंतप्रधान त्या दिवशी खरोखर देशाबाहेर आहेत का. कारण कलमाचे शब्द पाहता उपपंतप्रधान हजर असताना त्यांना डावलून तिसऱ्याच्या नावाने आदेश काढायला जागा दिसत नाही. तसं झालेलं दिसलं, तर युतीत काहीतरी बिनसलं आहे असं समजायला हरकत नाही.